घरच्या सुतारकामासाठी जिग आणि सामानाची मांडणी: फ्लॅटमध्ये कोणत्या क्रमाने करायची

सुतारकामाची आवड लागली की बहुतेक जण आधी मशीन घेतात, मग टेबल, मग भिंतीवर हत्यारं अडकवायचा बोर्ड. जिगचा विचार सगळ्यात शेवटी होतो. मी नव्या माणसाला हा क्रम उलटा करायला सांगतो. आधी दोन-तीन साधे जिग बनवा आणि त्याच जिगवर तुमचं सगळं स्टोरेज उभं करा. कपाट, खण, भिंतीवरच्या पट्ट्या ही सगळी सरळ कापांची आणि काटकोनांची कामं. हात अजून बसलेला नसताना ती नुसत्या नजरेच्या भरवशावर केली की खण अडकतात, फळ्या डुगडुगतात आणि महागडा प्लाय वाया जातो. जिग हाताशी असेल तर पहिल्याच कपाटाचे कोपरे जुळतात, आणि तोच जिग पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतो.

जिग म्हणजे हत्यार ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या कोनात, ठरलेल्या खोलीपर्यंतच चालावं म्हणून केलेली व्यवस्था. आपले मिस्त्री फर्मा वापरतात, त्याच जातीची ही गोष्ट. कारखान्यात काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पुढचं सगळं पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, एखादी खोली किंवा बाल्कनी एवढीच जागा असलेल्या माणसासाठी आहे. स्वतःचं शेड असेल तर पहिला टप्पा भरभर वाचून पुढे जा.

१. जागा, परवानगी, वीज

भाड्याच्या घरात राहत असाल तर भिंतीला भोकं पाडण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या. डिपॉझिट परत घेताना याच भोकांवरून वाद होतात. पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर काम करायचं असेल तर सोसायटीच्या कमिटीला अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. कोणती मशीन चालणार, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि भुसा कुठे जाणार, एवढं अर्जात स्पष्ट लिहा. भुशाची सोय लिहून दिली की निम्म्या शंका तिथेच मिटतात. पार्किंगमध्ये कायमचं रॅक ठोकायच्या फंदात पडू नका. ती सामायिक जागा आहे आणि आग लागली तर बाहेर पडायचा रस्ताही तोच असतो.

आवाजाचा कायदा माहीत असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. सर्क्युलर सॉ (गोल पात्याची, हातात धरून चालवायची विजेची करवत) शेजारी उभं राहून मोजला तर नव्वदीच्या वर जातो. म्हणून कटरसारख्या मशीनची सगळी कामं साठवून एका सकाळी उरकावीत, दुपारी एक ते चार मशीनला हात लावू नये, आणि बाकीच्या वेळी हातकरवत, रंधा, पटाशी वापरावी. पाचव्या टप्प्यातले जिग यासाठीच आहेत.

कटर (छोटं मार्बल कटर मशीन) आणि टेबल सॉ (जिचं पातं टेबलातून वर येतं ती करवत) १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड साध्या टीव्हीचा चालत नाही. जाड वायरचा घ्या आणि वायर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडा, नाहीतर ती तापते.

एका फाइलमध्ये ठेवायचे कागद:
– घरमालकाची परवानगी
– सोसायटीला दिलेला अर्ज आणि पोच
– मशीनची जीएसटी बिलं आणि वॉरंटी कार्ड
– प्लायचं बिल, ज्यावर ग्रेड आणि जाडी लिहून घेतलेली आहे

२. खरेदी

लाकूड आणि प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, स्क्रू, चॅनेल (खण सरकवणाऱ्या पट्ट्या), बिजागऱ्या यांसाठी रविवार पेठ आणि बोहरी आळी. जुने सी-क्लँप (लाकूड आवळून धरणारे), शिकंजे, कानशी हव्या असतील तर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चक्कर मारा. जुना क्लँप घेताना त्याचा स्क्रू पूर्ण आत-बाहेर फिरवून बघा. मधेच अडकत असेल तर आटे गेलेले आहेत, सोडून द्या.

मापांचा गोंधळ पहिल्या दिवसापासून होतो. प्लाय एमएममध्ये विकतात, लाकूड इंच आणि सुतात, चॅनेल इंचात. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे साधारण ३.२ मिमी. दुकानात त्यांच्या भाषेत बोला, पण स्वतःच्या वहीत सगळं मिलिमीटरमध्येच लिहा. लाकडाचा भाव घनफुटावर असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. हा हिशोब दुकानदाराने करण्याआधी आपला झालेला असावा.

सुरुवातीला एवढं पुरतं:
– १८ मिमी प्लायची ८ × ४ फुटी एक शीट, शिवाय १२ मिमी आणि ६ मिमीची अर्धी-अर्धी
– सागवानाचे दोन-तीन सरळ रेषेचे तुकडे
– चांगला गुण्या (काटकोन आखायचं-तपासायचं हत्यार), स्टीलची फूटपट्टी, डिजिटल कॅलिपर (जाडी अचूक मोजायला)
– चार तरी क्लँप, ड्रिल, कटर किंवा सर्क्युलर सॉ
– पटाशी, रंधा, बारीक दातांची हातकरवत
– लाकडाचा पांढरा गोंद, स्क्रू, काचकागद
– डोळ्यांचा चष्मा, कानाचे प्लग, एन-९५ मास्क

मास्क यादीत शेवटी असला तरी आधी घ्या. लाकडाच्या बारीक धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून नोंदवलं आहे. बंद खोलीत एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) कापलं तर ही धूळ तासन्‌तास हवेत राहते. स्वयंपाकघराकडचं दार बंद करा, खिडकी उघडा, पंखा बाहेर तोंड करून लावा.

कोरड्या खोलीतल्या कामाला आयएस ३०३ या भारतीय मानकाचा एमआर, म्हणजे दमटपणा सोसणारा प्लाय चालतो. बाल्कनीत ठेवायचं असेल तर पाण्याला टिकणारा आयएस ७१० चा घ्या. शीटची कड नीट न्याहाळा. मधल्या थरांत पोकळी दिसली तर स्क्रू तिथेच दगा देणार. १८ मिमीची पूर्ण शीट तीस-पस्तीस किलोची असते आणि बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही. म्हणून दुकानाजवळच्या पॅनेल सॉवर (मोठ्या शीट कापायचं मशीन) तिचे दोन-तीन मोठे तुकडे करून घ्या आणि मगच छोट्या हत्तीत टाका. १२ मिमी प्लायची कारखान्यात कापलेली एक लांब कड मात्र न कापता राखून ठेवा, चौथ्या टप्प्यात तिची गरज आहे.

३. गुण्या तपासा

ही पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि याशिवाय पुढे जाऊ नका. प्लायच्या सरळ कडेला गुण्याची मूठ टेकवा आणि टोकदार पेन्सिलीने किंवा चाकूच्या पात्याने एक रेघ मारा. आता गुण्या उलटा करा, मूठ त्याच कडेवर दुसऱ्या बाजूने टेकवा आणि त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ मारा. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या बरोबर. वर जाता जाता फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी गुण्याची चूक. नवा कोरा गुण्याही यात नापास होऊ शकतो, म्हणून विकत घेतानाच दुकानात ही चाचणी करा. चांगला दुकानदार प्लायचा तुकडा काढून देतो.

कड सरळ आहे का, तेही असंच बघायचं. कडेला धरून लांब रेघ मारायची, पट्टी टोकाला टोक उलटवून पुन्हा मारायची. मधे फट दिसली तर कड वाकडी.

४. पहिला जिग: सरळ कापाची पट्टी

तुमच्याकडे एकच जिग असणार असेल तर तो हा असावा. टेबल सॉ नसतानाही याच्या जोरावर कपाटाचे सगळे भाग कापता येतात.

६ मिमी प्लायची साधारण ३०० मिमी रुंद पट्टी घ्या, हा तळ. त्यावर १२ मिमी प्लायची १०० मिमी रुंद पट्टी गोंद लावून बसवा, ही टेकण. टेकणीची जी कड मशीनला लागणार, ती राखून ठेवलेली कारखान्याची कड असली पाहिजे, आणि ती तळाच्या मोकळ्या भागाकडे तोंड करून बसवायची. स्क्रू मारायचे तर खालून, डोकी प्लायमध्ये बुडवून. गोंद रात्रभर वाळू द्या.

आता महत्त्वाचा काप. पट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढून क्लँप करा, मशीनची पाटी (खालची सपाट बैठक) टेकणीला चिकटवून धरा आणि एका दमात शेवटपर्यंत चालवा. ब्लेड तळाचा जास्तीचा भाग कापून टाकतं. उरलेली तळाची कड म्हणजेच तुमच्या मशीनचं ब्लेड नेमकं जिथून जातं ती रेषा. यापुढे लाकडावर दोन खुणा करायच्या, ही कड त्या खुणांवर ठेवायची, क्लँप लावायचे आणि मशीन चालवायचं. पाटीपासून ब्लेडपर्यंतचं अंतर दर वेळी मोजायची गरज उरत नाही. प्लायचा वरचा थर या कडेखाली दाबलेला राहतो, म्हणून त्या बाजूला चिपाही उडत नाहीत.

इथे लोक कुठे फसतात ते सांगतो.

ब्लेड अडीच-तीन मिलिमीटर खातं. कड नेहमी हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे खाल्लेला भाग टाकाऊ बाजूला जातो. चुकून उलट्या बाजूला ठेवली तर तुकडा तेवढाच लहान होतो.

खोली लावताना तळाची ६ मिमी जाडी धरायला विसरू नका. १८ मिमी प्लाय कापायला ब्लेड १८ + ६ आणि वर तीन मिलिमीटर, म्हणजे २७ मिमी बाहेर हवं.

एका मशीनला एकच पट्टी. मशीन बदललं, वेगळ्या जाडीचं ब्लेड लावलं किंवा ब्लेड ४५ अंशांत तिरकं केलं की ही कड खोटी ठरते. तिरक्या कापांसाठी वेगळी पट्टी बनवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहा.

चालू करण्याआधी मशीन बंद ठेवून पूर्ण लांबी ढकलून पाहा. क्लँपचा दांडा मोटरला आडवा येतो, तो इथेच कळतो.

सर्क्युलर सॉचे दात खालून वर कापतात, म्हणून शीटची चांगली बाजू खाली ठेवा.

अनेक मिस्त्री मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून काम करतात आणि नवे लोकही तेच बघून शिकतात. कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरतो. ब्लेडवर छापलेली कमाल गती त्याहून जास्त असल्याशिवाय ते लावू नका, आणि वरचं गार्ड कधीही काढू नका. माझं मत विचाराल तर पैसे जमेपर्यंत थांबून सर्क्युलर सॉच घ्या. त्याची पाटी मोठी असते, मशीन डळमळत नाही आणि खालचं गार्ड आपोआप बंद होतं.

साडेचार फुटांची एक पट्टी बहुतेक कामांना पुरते, कारण शीटचे मोठे काप दुकानातच झालेले असतात.

५. बिनआवाजाचे दोन जिग: बेंच हुक आणि शूटिंग बोर्ड

बेंच हुक तासाभरात होतो. १२ मिमी प्लायचा साधारण २५० × २०० मिमीचा तुकडा घ्या. खालच्या बाजूला, तुमच्याकडच्या कडेला एक पट्टी, आणि वरच्या बाजूला पलीकडच्या कडेला दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या कडेत अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून एका हाताने दाबायचं आणि दुसऱ्या हाताने करवत चालवायची. उजव्या हाताचे असाल तर वरची पट्टी उजवीकडे थोडी आखूड ठेवा, म्हणजे करवत टेबलावर न उतरता हुकवर उतरते. पट्ट्या गोंद आणि लाकडी खुंट्यांनी बसवा. स्क्रू लावले तर कधी ना कधी करवतीचे दात त्यावर जाणार.

शूटिंग बोर्ड कापलेल्या तुकड्याचं टोक रंध्याने अचूक काटकोनात आणतो. १८ मिमीचा तळ, त्यावर १२ मिमीचा थोडा कमी रुंद तुकडा, आणि उजवीकडे रंधा आडवा पडून सरकेल एवढी, पाऊण वीतभर मोकळी वाट. वरच्या तुकड्याची खालची धार किंचित तासून तिथे छोटी खाच ठेवा. ढलप्यांचा चुरा तिच्यात जातो आणि रंध्याला अडवत नाही. लाकूड टेकवायची पट्टी वाटेच्या कडेशी नेमक्या काटकोनात हवी. आधी एका स्क्रूवर बसवा, तपासलेल्या गुण्याने जुळवा, मग दुसरा स्क्रू मारा आणि शेवटी गोंद. वाटेवर मेणबत्ती घासली की लोखंडी रंधा सहज सरकतो. एका दमात पातळ ढलपी काढायची आणि लाकूड पट्टीला घट्ट दाबून धरायचं. खणांच्या पाट्या याच्यावर एकसारख्या लांबीच्या करता येतात. दोन्ही समोरासमोरच्या पाट्या एकत्र धरून रंधा मारा, टेप लागत नाही.

६. टेबल सॉ असेल तर क्रॉसकट स्लेड

टेबल सॉ नसेल तर सातव्या टप्प्यावर जा.

स्लेड म्हणजे लाकूड आडवं (क्रॉसकट) कापताना ते धरून टेबलावरच्या खाचेत सरकणारी लाकडी गाडी. तळाला १२ मिमी प्लाय, खाली सागवानाच्या दोन सरकपट्ट्या, पुढे-मागे दोन आधार. सरकपट्टीची जाडी खाचेच्या खोलीपेक्षा मिलिमीटरभर कमी ठेवा, म्हणजे तळ टेबलावर टेकतो. रुंदी अशी की पट्टी हाताने सरकेल, पण आडवी हलवली तर हलणार नाही. लाकूड त्याच्या रेषांना आडवं फुगतं आणि आटतं, लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात अगदी घट्ट बसवलेली पट्टी जुलैत अडकते, म्हणून पावसाळ्याचा विचार करूनच तासा.

मागचा आधार, म्हणजे जवळचा, ब्लेडशी काटकोनात आहे की नाही ते गुण्याने ठरवायला जाऊ नका. पाच कापांची चाचणी करा. साधारण ३०० मिमीचा चौकोनी प्लाय घ्या. एक बाजू कापा, मग कापलेली बाजू आधाराला टेकेल असा तुकडा फिरवा आणि दुसरी कापा. अशा चारही बाजू कापून झाल्या की पहिली बाजू पुन्हा कापा, पण या वेळी बोटभर रुंद पट्टी सुटेल अशी. या पट्टीची दोन्ही टोकांची रुंदी कॅलिपरने मोजा. समजा एक टोक १०.८ आणि दुसरं १०.० मिमी आलं. फरक ०.८. तो चार वेळा साठलेला आहे, म्हणून चारने भागा. म्हणजे ३०० मिमी लांबीत ०.२ मिमीची चूक.

आधार एका टोकाला एका स्क्रूवर फिरतो. दुसरं टोक त्या स्क्रूपासून ४५० मिमीवर असेल तर ते किती सरकवायचं? ४५० ला ३०० ने भागून ०.२ ने गुणा, ०.३ मिमी. फिलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) ०.३ ची पाती आधार आणि तात्पुरत्या अडसरामध्ये घालून टोक सरकवा, क्लँप करा, नव्या भोकात स्क्रू मारा आणि चाचणी पुन्हा घ्या. चूक वाढली तर उलट दिशेला सरकवलं असं समजायचं. ३०० मिमीत ०.०५ च्या आत आलं की थांबा, घरच्या कामाला त्याहून जास्त लागत नाही.

ब्लेड मागच्या आधारातून जिथे बाहेर येतं, तिथे लाकडाचा जाड ठोकळा चिकटवा आणि लाल रंगवा. अंगठा नेमका तिथेच जातो.

७. भिंत: फ्रेंच क्लीट

आता स्टोरेज. १८ मिमी प्लायची १५० मिमी रुंद पट्टी मधोमध ४५ अंशांत कापली की दोन क्लीट मिळतात. एक भिंतीला, एक टांगायच्या वस्तूच्या पाठीला. भिंतीवरच्या पट्टीची तिरकी कड वर असते आणि तिचा उतार भिंतीकडे, म्हणजे भिंतीशी एक खाच तयार होते. वस्तूची पट्टी या खाचेत बसते आणि वजनानेच घट्ट होते. तिरक्या कडेची अणकुची रंध्याने दोन मिलिमीटर मारून टाका, नाहीतर खाचेत भुसा साठतो आणि वस्तू पूर्ण बसत नाही. हत्यारं वाढत जातात तशी मांडणी बदलता येते, म्हणून नव्या माणसाला मी हुकांच्या बोर्डापेक्षा हेच सुचवतो. कटर तिरका होत नसेल तर या पट्ट्या दुकानातच ४५ अंशांत कापून आणा.

भिंत कशाची आहे ते ड्रिलच्या भुकटीवरून ओळखा. लाल भुकटी म्हणजे वीट. करडी भुकटी आणि बिट पुढे जायला तयार नाही म्हणजे काँक्रीट. पांढुरकी भुकटी आणि बिट जोर न लावता आत गेलं म्हणजे हलक्या ब्लॉकची भिंत, जी हल्लीच्या बऱ्याच इमारतींत असते. या ब्लॉकमध्ये हॅमर मोड बंद ठेवा आणि साधे प्लॅस्टिक गट्टू वापरू नका, ते ओढले की बाहेर येतात. या ब्लॉकसाठीच मिळणारे लांब नायलॉन अँकर मागून घ्या.

स्क्रू केवढा? प्लाय १८, प्लॅस्टर साधारण १५, आणि भिंतीत निदान ४०. बेरीज ७३, म्हणून ७५ मिमीचा. नुसत्या प्लॅस्टरमध्ये अडकलेला स्क्रू आठवडाभर वजन धरतो आणि मग क्लीट रंध्यासकट खाली येते. स्क्रू दर ४०० मिमीला एक, दोन्ही टोकांना धरून.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते. बाथरूमला लागून असलेली भिंत सोडा. पश्चिमेची बाहेरची भिंतही शक्यतो सोडा. पुण्यात पावसाचा मारा त्या बाजूने येतो, भिंत ओल धरते आणि पटाश्यांवर तांबेरा चढतो.

दोन क्लीटमधलं अंतर टेपने मोजू नका. २०० मिमीचे दोन एकसारखे ठोकळे शूटिंग बोर्डवर तयार करा. पहिली पट्टी पाणसळ लावून बसवली की तिच्यावर ठोकळे ठेवायचे, ठोकळ्यांवर पुढची पट्टी, आणि स्क्रू. सगळ्या पट्ट्या आपोआप समांतर येतात.

भिंतीला हात लावायचा नसेल तर हीच क्लीट दोन उभ्या खांबांच्या चौकटीवर लावा आणि चौकट कामाच्या टेबलाच्या मागच्या पायांना बोल्टने जोडा.

८. खणांचं कपाट

स्क्रू, बिट, पटाश्या उघड्यावर राहिल्या की पावसाळ्यात गंजतात, त्यांना खणच हवेत.

कापण्याआधी प्लायची जाडी कॅलिपरने मोजा. १८ म्हणून घेतलेला बऱ्याचदा साडेसतराच्या आसपास भरतो, आणि कपाटाच्या दोन बाजू मिळून मिलिमीटरभर फरक पडला तर चॅनेल अडकतं. नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना प्रत्येकी १३ मिमी जागा धरा. म्हणून कपाटाची आतली रुंदी प्रत्यक्ष मोजून त्यातून २६ वजा करायचे, ती खणाची बाहेरची रुंदी. आत ४०० असेल तर खण ३७४. कपाट आधी जोडा, खण नंतर कापा.

चॅनेल एका पातळीत बसवायची सोपी युक्ती: प्लायचा एक तुकडा सगळ्यात वरच्या चॅनेलच्या उंचीएवढा कापा. तो कपाटाच्या तळावर उभा करून त्यावर चॅनेल ठेवा आणि स्क्रू मारा. मग तोच तुकडा दुसऱ्या बाजूला. वरचा खण झाला की तुकडा पुढच्या खणाच्या उंचीला कापून कमी करा आणि पुन्हा दोन्ही बाजू. असं वरून खाली या. डावं-उजवं चॅनेल एकाच तुकड्यावर टेकलेलं असल्यामुळे खण कधी तिरका चालत नाही.

हलत्या फळ्यांच्या पिनांसाठी ५ मिमीची भोकं ३२ मिमी अंतरावर, पुढच्या कडेपासून ३७ मिमी आत, हे माप कारखान्याच्या फर्निचरचं आहे आणि बाजारातल्या पिना त्याला जुळतात. भोकांचा फर्मा १२ मिमी प्लायचा बनवा, एका टोकाला ‘तळ’ असं लिहा आणि दोन्ही बाजूंना तेच टोक खाली टेकवा. फर्मा एका बाजूला उलटा लागला तर चारही पिना एका पातळीत येत नाहीत. खोली आवरायला बिटावर भोक पाडलेला लाकडी ठोकळा चढवा. चिकटपट्टीची खूण सरकते आणि बिट पलीकडून बाहेर निघतं.

९. लाकूड, शीट आणि उरलेले तुकडे

फळ्या आडव्या, खाली एकसारख्या जाडीच्या बत्त्या (लाकडी पट्ट्या), दीड-दीड फुटांवर. एकावर एक थर लावताना बत्त्या सरळ एकाखाली एक आल्या पाहिजेत, नाहीतर फळ्या वाकतात. टिंबर मार्केटमधून आणलेलं लाकूड दोन-तीन आठवडे खोलीत ठेवून मगच कामाला घ्या. शीट उभ्या ठेवा, पण फरशीवर थेट नको. खाली दोन बत्त्या, मागे पूर्ण पाठीला टेकण.

कारखान्यातले पॅलेट स्वस्तात मिळतात आणि खोक्यांना छान लागतात. त्यावर ‘एचटी’ शिक्का असेल तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका. लाकडात बारीक भोकं आणि खाली ताजी भुकटी दिसली तर कीड आत जिवंत आहे, असा तुकडा दारातूनच परत. खिळे राहिलेत का, ते चुंबक फिरवून बघा.

उरलेल्या तुकड्यांसाठी एकच खोकं ठेवा. भरलं की नवं खोकं करायचं नाही, जुने तुकडे काढायचे.

थिनर, पॉलिश, मेलामाइनचे डबे ड्राय बाल्कनीत ठेवायची पद्धत फार आहे. तिथेच गॅस गीझर किंवा गॅसची लाइन असते, त्यामुळे तिथे मुळीच नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत, खालच्या फडताळात. जवसाचं तेल लावलेली चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण कचरा बहुधा दुसरंच कुणीतरी आवरतं.

१०. जिगची स्वतःची जागा

जिग बनवताना त्याला जागा ठरवली नाही तर तो पलंगाखाली जातो आणि पुढच्या वेळी माणूस पुन्हा नजरेने कापायला लागतो. म्हणून प्रत्येक जिगला बनवतानाच बोटभर व्यासाचं भोक पाडा आणि क्लीटवर त्याची खुंटी त्याच दिवशी लावा. रोज लागणारा बेंच हुक टेबलापासून हातभर अंतरावर, लांब पट्टी उभी कोपऱ्यात, स्लेड भिंतीला सपाट. लोखंडी टेबल सॉ किंवा शिकंजा यांसारखं जड काही कमरेच्या वर ठेवू नका.

जिगवरच मार्करने लिहा: कोणत्या मशीनचा, कोणत्या ब्लेडचा, चॅनेलचं कोणतं माप, शेवटची चाचणी कधी. सहा महिन्यांनी ‘हा ठोकळा कशाचा’ हा प्रश्न पडतोच.

पावसाळ्यात लोखंडावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि खणांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारी सिलिका घेतली तर निळ्याची गुलाबी झाली की गरम करून पुन्हा वापरता येते. एमडीएफचा जिग असेल तर त्याच्या सगळ्या कडांना आधीच लाखेचे किंवा पॉलिशचे दोन हात द्या, कड उघडी राहिली तर तिथून फुगतो.

खंडेनवमीला हत्यारं पुसून पूजेला मांडतो तेव्हा पाऊस ओसरलेला असतो. जिग तपासायला तोच दिवस बरा. गुण्याची दोन रेघांची चाचणी, पट्टीची कड, शूटिंग बोर्डची टेकण, स्लेडचे पाच काप, अशा क्रमाने जा. स्लेडचा फरक वाढलेला आढळला तर आधी सरकपट्टी फुगली आहे का ते बघा. ती मोकळी चालत असेल तरच आधाराच्या स्क्रूला हात लावा आणि नवी तारीख जिगवर लिहा.